फोनवरचा डॉक्टर कोणाचा?

१८७९ मध्ये, टेलिफोनचा शोध लागून जेमतेम तीन वर्षे झालेली असताना, ‘द लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकाने अमेरिकेतला एक किस्सा छापला. मध्यरात्री एका घरी टेलिफोन खणखणला. पलीकडे घाबरलेली सून होती. बाळाला ‘क्रूप’ झाला आहे, काय करू, असे ती सासूला विचारत होती. श्वासनलिकेला सूज येऊन भुंकल्यासारखा खोकला येणारा हा आजार त्या काळी मुलांच्या जिवावरचा समजला जाई. सासूबाईंनी घरच्या डॉक्टरांना उठवले. डॉक्टरांनी सुनेशी टेलिफोन जोडून घेतला आणि बाळाला यंत्राजवळ धरायला सांगितले. बाळ खोकले. हा क्रूप नाही, असा निर्वाळा देऊन डॉक्टर पुन्हा झोपले आणि दोन्ही घरे निर्धास्त झाली. साप्ताहिकाने हे थोडे थट्टेच्या सुरात सांगितले होते.

दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचा इतिहास सांगताना हा किस्सा हमखास येतो आणि ऐकणाऱ्याचे लक्ष त्यातल्या यंत्राकडे जाते. दुसरा तपशील निसटतो. तो डॉक्टर त्या घरचा होता. घरात कोण उगाच घाबरते आणि कोणाच्या घाबरण्याला अर्थ असतो, हे त्याला ठाऊक असणार. आणि खोकला वाढलाच तर कोणाचे दार ठोठवायचे, हे त्या घराला ठाऊक होते. करोनाच्या महासाथीने डॉक्टरला मोबाइलमध्ये आणून बसवले, त्यानंतर ‘डॉक्टर फोनवर की समोर’ असा वाद सतत घातला जातो. त्यात हा दुसरा तपशील गाळला जातो आणि रुग्णाच्या जिवाशी संबंध असलेला प्रश्न तिथेच राहून जातो.

आपल्याकडे या वादाला एक नेमकी तारीख आहे. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी नेमलेल्या नियामक मंडळाने नीती आयोगाच्या मदतीने ती तयार केली होती. फोनवरून औषध सांगणे त्याआधीही सर्रास चाले. पण कायद्याच्या दृष्टीने तो धूसर व्यवहार होता. जुलै २०१८ मध्ये रत्नागिरीतील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दाम्पत्याला अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा राज्यभरच्या डॉक्टरांना त्याची झळ जाणवली. सिझेरियन झालेली एक महिला त्रास होऊ लागल्याने पुन्हा रुग्णालयात आली, तेव्हा डॉक्टर तिथे नव्हते. फोनवरच्या सूचनांवर उपचार झाले आणि पुढे ती दगावली, असे ते प्रकरण होते. निदान न करता औषध देण्याबद्दल न्यायालयाने कठोर शब्द वापरले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत नियामकांनीच डॉक्टरांना फोनवर रुग्ण तपासण्याची मुभा दिली.

घाईत निघूनही ही तत्त्वे बऱ्यापैकी विचारपूर्वक लिहिलेली आहेत, हे कबूल करायला हवे. पहिला सल्ला आणि पाठपुराव्याचा सल्ला यांत ती फरक करतात. सहा महिन्यांहून जास्त काळ गेला किंवा तक्रार नवी असली, तर जुना रुग्णही नवा धरला जातो. काही औषधे पहिल्या भेटीत फक्त व्हिडिओवर पाहूनच लिहिता येतात, काही फक्त पाठपुराव्यात, आणि गुंगीची व व्यसन लावणारी औषधे मुळीच नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. अल्पवयीन रुग्णासोबत मोठे माणूस हवे. यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, स्वतःहून सल्ला द्यायचा नाही की औषध लिहायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, हे फोनवर भागणार नाही असे वाटले तर डॉक्टर किंवा रुग्ण कोणीही कोणत्याही क्षणी थांबू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे नियम आणले, त्यांत टेलिमेडिसिनचाही भाग होता. पण ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. थोडक्यात, टाळेबंदीच्या पहिल्या दिवसाची तत्त्वेच पुढेही कामाला आली.

त्यांच्या आधाराने सरकारी ‘ई-संजीवनी’ वाढली. तिचे दोन प्रकार आहेत आणि बातम्यांमध्ये ते एकाच आकड्यात मिसळले जातात. पहिला नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे महासाथीच्या आधीच सुरू झाला होता: गावच्या उपकेंद्रात रुग्ण येतो, तिथला समुदाय आरोग्य अधिकारी त्याला तपासतो आणि पडद्यावरच्या डॉक्टरशी बोलणे करून देतो. दुसरा एप्रिल २०२० मध्ये आला: रुग्ण घरूनच मोबाइलवर रांगेत उभा राहतो आणि जो डॉक्टर मोकळा असेल तो त्याच्या वाट्याला येतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत एकूण सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली. खासगी ॲप, विम्यासोबत फुकट मिळणारे सल्ले आणि डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर रात्री-बेरात्री येऊन पडणारे पुरळाचे फोटो यांची मोजदाद वेगळीच.

यातून झालेला फायदा खोटा नाही. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्या माणसाने केवळ ‘तेच चालू ठेवा’ हे शब्द ऐकण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून एसटीने तालुक्याला जाणे, तिथे दोन तास बाकावर बसणे आणि दोन मिनिटांत बाहेर पडणे, याला वैद्यकीय सेवा म्हणणे हा उपचारापुरता उपचार झाला. घरचा बीपी, सकाळची शुगर, गोळीने पाय सुजतात का, चक्कर येते का, हे फोनवर नीट विचारता येते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धासाठी, गोळ्यांचे वेळापत्रक चुकवणाऱ्या विसराळू माणसासाठी, तपासणीचा अहवाल समजावून घेण्यासाठी फोन हा बरा मार्ग आहे. मनाच्या आजारांत तर तो कित्येकदा पहिला मार्ग ठरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोलणाऱ्याला मानसोपचारतज्ज्ञाच्या पाटीखालून आत जाताना कोणी पाहील ही भीती नसते.

फोनच्या बाजूने विज्ञानही उभे करता येते. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागात प्रथमच आलेल्या ८० रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतल्या ६६ जणांचे अखेरचे निदान डॉक्टरने नुसते पत्र वाचून आणि रुग्णाशी बोलूनच बरोबर ओळखले होते. हाताने तपासल्यामुळे फरक पडला तो सात जणांत, आणि प्रयोगशाळेच्या तपासण्यांमुळे आणखी सात जणांत. छोटासा अभ्यास, पण वैद्यकीय महाविद्यालयांत तो आजही सांगितला जातो, कारण अनुभवी डॉक्टरांना तो पटतो. रुग्णाला बोलू दिले तर बहुतेक वेळा तोच निदान सांगतो. मग बोलणे फोनवर झाले म्हणून काय बिघडले?

बिघडते ते दोन ठिकाणी. एक म्हणजे, उरलेले १४ जण कोणते हे आधी कळत नाही. पोटदुखीच्या दहा फोनांपैकी नऊ वेळा अपचन असेल. दहाव्याचे अपेंडिक्स असते आणि ते डॉक्टरच्या बोटांना कळते. उजव्या बाजूला खाली हलकेच दाबून हात झटकन काढला की रुग्ण ज्या रीतीने आक्रसतो, त्याचे वर्णन रुग्णाला स्वतः करता येत नाही. दुसरे म्हणजे, हॅम्प्टन यांच्या रुग्णांचे ते ‘बोलणे’ समोरासमोर झाले होते. माणूस समोर असताना बोलण्यासोबत आणखी बरेच काही खोलीत येते. पायऱ्या चढून आलेल्याला एक वाक्य पुरे करायला किती श्वास लागतात. चप्पल पायात घट्ट का रुतली आहे. प्रश्न बाईला विचारला तर उत्तर कोण देते. तोंडाला तंबाखूचा वास आहे का. आणि केसपेपर घेऊन दारापर्यंत गेलेला माणूस वळून म्हणतो, ‘अजून एक विचारायचं होतं डॉक्टर’ — हा ‘अजून एक’च पुष्कळदा खरा आजार असतो. फोनवर दार नसते, त्यामुळे दारातून वळणेही नसते. कॉल कटला की कटला.

एक साधी गोष्ट घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. खालची पापणी ओढून आतला रंग पाहणे ही त्याची पहिली, फुकटची खूण. मोबाइलचा कॅमेरा मात्र चेहऱ्याचा रंग स्वतःच ‘सुधारून’ दाखवतो. ट्यूबलाइटखाली तो एक असतो, खिडकीजवळ दुसरा. फिकट बाई पडद्यावर तजेलदार दिसू शकते. महासाथीत घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरची गोष्ट याहून गंभीर. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकी संशोधनात दिसले, की रक्तातला प्राणवायू कमी झालेला असूनही ऑक्सिमीटर तो ठीक दाखवतो, असे प्रसंग गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांत जवळपास तिप्पट होते. त्वचेचा रंग जितका गडद, तितकी बोटावरच्या त्या प्रकाशाची गफलत होण्याची शक्यता अधिक. फोनवरचा डॉक्टर मात्र ‘९५ दाखवतोय’ एवढ्याच आधारावर निर्णय घेतो.

आणि फोन आहे कोणाकडे? त्याच सर्वेक्षणानुसार देशात स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के आणि कधी तरी इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के होत्या. पुरुषांत इंटरनेटचे हे प्रमाण ५७ टक्के होते. नवऱ्याच्या फोनवर, स्पीकर लावून, सासूच्या समोर अंगावरून पांढरे जाण्याबद्दल, पाळी चुकल्याबद्दल किंवा पाठीवरच्या वळांबद्दल कोणती बाई बोलेल? दवाखान्यात ‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ असे नातेवाइकाला सांगता येते. पडद्यावरून तसे सांगितले तरी तो खरोखर बाहेर गेला का, हे दिसत नाही. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात आयुष्यभर दवाखाना चालवलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिले होते, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज जास्त, तिथेच कमी मिळते. ते लिहिले गेले तेव्हा मोबाइल नव्हते. त्याने हा नियम बदलेल असे मानण्याला आधार नाही.

‘फोन की भेट’ हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर आणि सर्वांत जास्त आरडाओरड होऊन झाला तो इंग्लंडमध्ये. तिथे प्रत्येक नागरिकाचे नाव एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात नोंदलेले असते आणि प्रत्येक भेटीची नोंद होते, म्हणून तिथले आकडे उपयोगी पडतात. महासाथीआधी सुमारे ८० टक्के भेटी समोरासमोर होत. एप्रिल २०२० मध्ये हे प्रमाण निम्म्याखाली आले. त्या वर्षी जुलैत आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक उत्साहाने म्हणाले, की यापुढे सबळ वैद्यकीय कारण नसेल तर सल्ला दूरस्थच असावा. वर्ष उलटायच्या आत वारे फिरले. लोक चिडले, वृत्तपत्रांनी डॉक्टरांना आळशी ठरवले, मे २०२१ मध्ये आरोग्य सेवेने दवाखान्यांना रुग्णाला समोर भेटायचे असेल तर ते मानण्याची ताकीद दिली आणि ऑक्टोबरमध्ये नव्या मंत्र्यांनी त्यासाठी २५ कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. एकाच सरकारने सव्वा वर्षात डॉक्टरांना दोन उलट आदेश दिले. पुढे प्रमाण दोनतृतीयांशाच्या आसपास स्थिरावले, आणि ते मंत्र्यांच्या भाषणांपेक्षा डॉक्टर-रुग्णांच्या रोजच्या अनुभवाने स्थिरावले असावे.

या गदारोळात दोन गोष्टी मागे पडल्या. पहिली, फोनने काम वाचते हा समज. २०१४ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत ४२ दवाखान्यांतले सुमारे २१ हजार रुग्ण होते. तातडीची भेट मागणाऱ्यांशी आधी डॉक्टरने फोनवर बोलायचे, अशी पद्धत ठेवली तर पुढच्या चार आठवड्यांत दवाखान्याशी होणारे एकूण संपर्क ३३ टक्क्यांनी वाढले. नर्सने बोलायचे ठरवले तर ४८ टक्क्यांनी. म्हणजे आधी फोन, मग ‘याच बरं’, मग भेट. खर्चही कमी झाला नाही. दुसरी गोष्ट सुरक्षेची. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दूरस्थ सल्ल्यातून उद्भवलेल्या ९५ गंभीर प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. असे प्रसंग अत्यंत विरळ असतात, हे त्यांनी आधीच सांगितले आहे. पण ते घडतात तेव्हा त्यांचा साचा ओळखू येतो: हृदयाच्या किंवा पोटाच्या तातडीच्या तक्रारी, आधीचे गुंतागुंतीचे आजार, नेमके सांगता न येणारी लक्षणे, आधीच्या औषधाने बरे न वाटणे, आणि नीट संवाद न होणे. कोणत्याही तालुक्याच्या गावातला अनुभवी डॉक्टर ही यादी न वाचता सांगेल.

मग दवाखान्याबाहेर ही यादी मराठीत टांगली की झाले, असे वाटेल. काही अंशी खरेच. श्वास लागणे, छातीत दुखणे, पोट फार दुखणे, तान्ह्या बाळाचा कोणताही आजार, गरोदरपणातला रक्तस्राव, आणि त्याच तक्रारीसाठी तिसरा फोन — एवढ्यांसाठी ‘फोन नको, या’ असे सांगणारी पाटी अनेक जीव वाचवेल. पण यादी फक्त तक्रार पाहते. डॉक्टर रुग्णाला ओळखतो का, ते पाहत नाही. ज्या डॉक्टरने गेल्या दहा वर्षांत तुमच्या वडिलांचे हृदय, तुमची पित्ताची कटकट आणि तुमच्या मुलीचा दमा पाहिला आहे, त्याच्याशी दोन मिनिटे फोनवर बोलणे आणि कुठल्या तरी शहरातल्या अनोळखी डॉक्टरशी वीस मिनिटे व्हिडिओवर बोलणे, यांत सुरक्षित कोणते? नॉर्वेत याचे जवळपास सरळ उत्तर मिळाले. तिथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले, की एकाच फॅमिली डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांत, पहिल्याच वर्षात असलेल्यांच्या तुलनेत, तातडीने रुग्णालयात भरती होण्याची शक्यता २८ टक्क्यांनी आणि मृत्यूची शक्यता २५ टक्क्यांनी कमी होती. अशा अभ्यासात कार्यकारण पक्के सिद्ध होत नाही हे खरे. पण ओळखीचे वर्ष वाढेल तसा फायदा वाढत गेला होता. एखाद्या औषधाने एवढा परिणाम दाखवला असता, तर त्याच्या जाहिरातींनी हेच पान भरले असते.

महाराष्ट्रात ही ओळख नवी नव्हे. पेठेतला, चाळीतला, बाजारगावातला फॅमिली डॉक्टर घरच्या फोनवर ‘ती पिवळी गोळी चालू ठेव, आणि संध्याकाळी आईला आण’ असे सांगत आला आहे, आणि त्याला कोणी टेलिमेडिसिन म्हटले नाही. तो डॉक्टर आता म्हातारा होतो आहे, त्याची मुले स्पेशालिस्ट झाली आहेत आणि त्याची जागा ॲप घेते आहे. ॲपवर दर वेळी नवा डॉक्टर, दर वेळी नवी कहाणी. अनोळखी डॉक्टरची काळजी वेगळ्या रीतीने व्यक्त होते: चूक होऊ नये म्हणून तो एक तपासणी जास्त लिहितो, किंवा अँटिबायोटिक देऊन मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उद्या हा रुग्ण त्याला पुन्हा दिसणारच नसतो.

खेड्यात प्रश्न याच्या उलटा आहे. तिथे ओळखीचा माणूस असतो, डॉक्टर नसतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तीन दशकांपूर्वी हा पेच ज्या पद्धतीने सोडवला, ती या वादात आठवण्यासारखी आहे. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, त्याचे श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करणे, हे सारे त्यांनी घरात जाऊन केले. अक्षरओळख नसलेल्या सुईणींना श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकवण्याचे एक साधे साधन बनवले गेले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे २०११ पासून देशभरच्या आशांना या घरगुती नवजात सेवेचे काम देण्यात आले. तिथे पडदा नव्हता, नेटवर्क नव्हते. बाळाच्या छातीवर नजर ठेवणारी, गावात राहणारी, शिकवलेली बाई होती.

उपकेंद्रातल्या ई-संजीवनीची ताकद नेमकी इथे आहे. समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा यांच्यामुळे रुग्णाच्या बाजूला एक शिकलेला हात असतो. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, किंवा एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल तर तो न्यूमोनियाचा इशारा, हे त्यांना शिकवलेले असते. त्यांनी पापणी पाहिलेली असते, पोट दाबून पाहिलेले असते, बीपी स्वतः घेतलेले असते. मग पडद्यावरचा डॉक्टर आंधळा राहत नाही. घरून एकट्याने केलेला कॉल आणि असा कॉल यांना एकाच आकड्यात बसवणे म्हणजे दोन वेगळ्या औषधांची बेरीज करण्यासारखे आहे. यातही दोन उणिवा आहेत. पडद्यावरचा डॉक्टर बहुधा रोज वेगळा असतो. आणि सल्ल्यांची संख्या हाच कामगिरीचा निकष झाला, तर महिनाअखेरीला खोकला-सर्दीचे कॉल वाढतात आणि ज्या बाईला खरी गरज आहे तिची नोंद त्याच गर्दीत होते.

रुग्ण आधी त्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला जोडला जावा, तो नसेल तरच दुसऱ्याला, एवढा बदल करायला कोणते नवे तंत्रज्ञान लागत नाही. म्हणजे सोमवारी पडद्यावर पाहिलेला रुग्ण गुरुवारी केंद्रात आला तर डॉक्टर त्याला ओळखेल. यासाठी मात्र केंद्रात डॉक्टर असावा लागतो. सपाट प्रदेशात ३० हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे जुने सरकारी मानक आहे. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीत मंजूर असलेली जागा महिनोन्‌महिने रिकामी राहते, तेव्हा ‘तिथे ई-संजीवनी आहे’ हे उत्तर विधिमंडळात देता येणे, हा या सोयीचा सर्वांत मोठा धोका आहे. अवघड बाळंतपणातून बाळ सोडवायला, सर्पदंशाची लस शिरेतून द्यायला पडदा उपयोगाचा नाही. रिकाम्या जागेच्या रकान्यात दूरस्थ सल्ला लिहिला जाऊ नये, असा लेखी नियम राज्याने करायला हवा आणि तो मोडला तर उत्तर मागायला हवे.

शहरातल्या खासगी सेवेलाही हेच लागू आहे. तिथे जागा रिकामी नसते, पण सल्ल्यानंतरची वाट रिकामी असते. ॲपवरच्या डॉक्टरने ‘तपासून घ्या’ म्हटले तर कोणाकडे, हे रुग्णाने स्वतः शोधायचे. डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी पुढच्या डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही, पोहोचली तरी तो ती वाचत नाही. ज्या कंपन्या पहिला सल्ला विकतात त्यांच्यावर दुसऱ्याची, म्हणजे समोरासमोरच्या भेटीची, जबाबदारी टाकल्याशिवाय नियमांमधले ‘कोणत्याही क्षणी थांबू शकतो’ हे वाक्य कागदावरच राहील. थांबून जायचे कुठे?

सध्या मोजला जातो तो सल्ल्यांचा एकूण आकडा. त्याच्या जागी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या मासिक बैठकीत दोन साधे आकडे मागितले जावेत: पडद्यावरून किती रुग्णांना ‘समोर येऊन दाखवा’ सांगितले, आणि त्यांतले किती जण प्रत्यक्ष पोहोचले. पहिला आकडा शून्याजवळ असेल, तर डॉक्टर पुरेसे संशयी नाहीत. दुसरा पहिल्याहून फार लहान असेल, तर त्या उपकेंद्रापासून तालुक्याला जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे त्याच बैठकीत विचारायला हवे.